माळ्यावरची बंदूक कोणाच्या नावावर?

खंडेनवमीला आपल्याकडे काय काय पुजलं जातं! कोयता, विळी, शिवणाचं मशीन, नांगराचा फाळ, दारातली स्कूटर. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पण गावाकडच्या काही घरांत त्या पाटावर आणखी एक वस्तू असते, आजेसासऱ्यांची बंदूक. वर्षभर जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर पडलेली. त्या दिवशी खाली येते, पुसली जाते, ओवाळली जाते आणि पुन्हा वर जाते. घरातल्या बाईला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक असतं, "ती मोठ्या मामंजींची. पोरांना हात लावू देऊ नकोस."

बायकांच्या पानावर बंदूक कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण मैत्रिणींनो, घरातला पुरुष गेला की ती बंदूक बाईच्याच गळ्यात येते. आमच्या तालुक्यातल्या एका बाईंचंच सांगते. वय पन्नाशीचं. मालक वारून चार वर्षं झालेली. बँकेचं खातं, सातबारा, पेन्शन, सगळ्या कचेऱ्यांचे हेलपाटे घालून झाले होते. बंदूक मात्र त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. निवडणूक जाहीर झाली आणि बंदुका जमा करून घ्यायला परवानेधारकांची यादी घेऊन शिपाई दारात आला. त्याने मालकांचं नाव विचारलं. बाईंनी सरळपणे बंदूक काढून दाखवली, परवान्याचं पुस्तकही दाखवलं. त्या पुस्तकाची मुदत मालक असतानाच संपलेली! "बाई, हे बिनपरवाना हत्यार झालं," हे ऐकून त्यांचे हातपाय गळाले. मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. वकील गाठला, मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्ज दिला, बंदूक जमा केली, पावती घेतली. अटक टळली. पण तो महिना त्यांनी कसा काढला, ते आम्ही पाहिलं आहे. घाबरण्यासारखंच होतं ते. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे.

बंदूक होती मोठी देखणी. कोकणात माकडं-डुकरं हाकायला असते तशी ठासणीची नव्हे, तर काडतुसाची. विलायती, दुनळी, शिकारीची रायफल. लष्करात बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या एका काकांनी ती पाहून सांगितलं, "ही काळ्या दारूच्या जमान्यातली." मग मला त्या जमान्याचं कुतूहल लागलं.

१८५७ ची काडतुसं आपल्याला शाळेपासून ठाऊक. एन्फिल्ड बंदुकीची, कागदाची, चरबी लावलेली, दातांनी तोडायची. त्यानंतर दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं. त्याच एन्फिल्डचा मागचा भाग कापून १८६६ च्या सुमारास स्नायडर रायफल तयार झाली. तोंडाकडून दारू ठासणं बंद झालं आणि मागून तयार काडतूस घालायची सोय आली. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. चापामागची दांडी खाली ओढली की नळीचं मागचं तोंड उघडतं, काडतूस घालायचं, दांडी वर घ्यायची. एका वेळी एकच गोळी. आत दारू तीच जुनी, शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. गोळी मऊ शिशाची, वजन ३१ ग्रॅम. सराफाच्या आजच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून थोडी जास्तच! विचार करा, अख्खी पाटली अंगावर यावी तसं. तिला ढकलायला दारू लागायची साधारण साडेपाच ग्रॅम.

बंडानंतर इंग्रजांनी एक धोरण पाळलं. गोऱ्या सैनिकाला नवी बंदूक, देशी शिपायाला एक पिढी मागची. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा आपल्याकडच्यांना स्नायडर मिळाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. देशी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट! पुढे १८८६ मध्ये फ्रान्सने बिनधुराच्या दारूची रायफल काढली आणि काळ्या दारूची सद्दी संपत गेली. जेमतेम तीस वर्षांचा हा खेळ. म्हणून तर या बंदुका आज शौकिनांना मोलाच्या वाटतात. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात अशा बंदुकांचा ढीगच पडून होता. २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी तो विकत घेतला. ५० हजारांहून अधिक बंदुका होत्या म्हणे. त्यांतल्या नेपाळी बनावटीच्या गहेंद्र रायफली मात्र भिंतीवर लावा, उडवू नका, असं जाणकार बजावतात.

अमेरिकेत लोक या जुन्या धर्तीच्या रायफलींच्या स्पर्धा भरवतात. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला १९८५ पासून अशी स्पर्धा होते. निशाणाला लोखंडी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे. कोंबडी २०० मीटरवर, मेंढा ५०० मीटरवर. काळी दारू जळाली की निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि धूर होऊन उरतो. पहिल्या बारानंतर समोर पांढरा ढग, आणि नळीत कडक पापुद्रा. तो मऊ ठेवायला नेमबाज काय करतात माहीत आहे? बार झाला की मागून एक नळी लावून तोंडाने फुंकर घालतात. श्वासातल्या ओलाव्याने काजळी मऊ होते. आपली चुलीची फुंकणीच की! गोळीला मधमाशीचं मेण आणि चरबीचं वंगण. घरी जाण्याआधी नळी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवायचं. नाही धुतली तर काजळी हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत गंज धरतो. हे वाचताना मला पावसाळ्यातला बिडाचा तवा आठवला.

तिकडच्या लोकांचं हे वेड मला आवडतं, खोटं कशाला बोलू? जुनी वस्तू नुसती काचेत न ठेवता ती चालायची कशी, हे शिकून घेणं यात अभ्यास आहे. पण इथून पुढचं नीट वाचा. "तिकडे चालतं मग आपली का नको उडवायला?" असं घरातलं तरणं पोर विचारणारच. लग्नाच्या वरातीत तर हमखास.

काकांनी दोन गोष्टी समजावल्या. त्या जुन्या नळ्या काळ्या दारूचा दाब सोसायला केलेल्या. बिनधुराच्या दारूचा दाब कितीतरी जास्त. आजचं काडतूस त्यात कसंबसं बसलं तरी नळी फुटून डोळा, हात जायची भीती. दुसरं म्हणजे जुन्या दुनळी बंदुकांवर कधी कधी साडीच्या पोतासारखी सुंदर लहरदार नक्षी दिसते. ती कोरलेली नसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून ती नळी घडवलेली असते. वरून झळकते, पण सांध्यांत गंज शिरला असेल तर डोळ्यांना कळत नाही. आणि वरातीतल्या बाराबद्दल म्हणाल, तर कोणाच्या जिवाला धोका होईल असा हर्षाचा गोळीबार हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकारीचं तर नावच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला.

आता "जुनी आहे, शोभेची आहे, तिला कसला परवाना?" हा मोठा गैरसमज. इंग्लंडमध्ये कालबाह्य काडतुसाची जुनी बंदूक नुसती शोभेला ठेवायला परवाना लागत नाही, उडवायची असेल तरच लागतो. आपल्याकडे तसं नाही. १९५९ च्या आपल्या कायद्यातही जुन्यापान्या हत्याराला सूट आहे, पण केव्हा? दुरुस्त करूनसुद्धा ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. आणि ते ठरवायचं कोणी? आपण नव्हे. नळी शाबूत, घोडा चालतो, म्हणजे परवाना हवाच, मग ती शंभर वर्षांची असो की दीडशे.

परवानेधारक वारला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. पावती घ्यायची आणि ती मृत्यूच्या दाखल्याजवळच ठेवायची. जमा केली म्हणजे हक्क गेला असं समजू नका. परवाना मिळाला तर ती परत मिळते, नको असेल तर रीतसर विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. त्यामुळे पावती देव्हाऱ्याखाली सारून मोकळं होता येत नाही.

आणि हे तर आपल्या बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारस म्हणून पत्नीला, मुलीलाही परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. मालक सत्तरीचे झाले असतील किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर त्यांच्या हयातीतच ते वारस नेमून परवाना त्याच्या नावावर करायला सांगू शकतात. "बंदूक मुलाच्याच नावावर," ही आपली रीत आहे, कायद्याची नव्हे. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्या कोल्हापूरच्या मातीत तर असं कोणी म्हणूच नये! फक्त एका माणसाकडे दोनच बंदुका, वारसाहक्काने आल्या तरीही. पूर्वी तीन चालायच्या.

परवा एका मैत्रिणीने विचारलं, "बंदूक नाही, पण डब्यात काडतुसं आहेत, त्यांचं काय?" त्यांनाही परवाना लागतो. जुन्या काडतुसांचं पितळ काळं-हिरवं पडलेलं असतं, ते पाहून हात शिवशिवतात. पण पितांबरी लावून घासू नका, चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका, आत काय आहे ते पाहायला पकडीने उघडू तर मुळीच नका. काळी दारू कितीही जुनी झाली तरी कोरडी राहिली असेल तर ठिणगीला पेटते. डबा आहे तिथेच, पोरांच्या हाताला लागणार नाही असा राहू द्या आणि ठाण्यात कळवा. नेणार असतील ते त्यांनीच येऊन नेऊ देत.