फोनची झोप आणि आत्याचा निरोप

वाचकहो, १५ जानेवारी २०२४ चा दिवस आपल्या बेटावर कोण विसरेल? बेलाल सिक्लोन आला, पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी चढले आणि मोटारी वाहून जाऊ लागल्या. त्या दिवशी आमच्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगतो.

वीज जाणार या भीतीने आदल्या रात्री आम्ही फोनची बॅटरी वाचविण्याचा चंगच बांधला. सेटिंगमध्ये जाऊन एकूण एक ॲपला पडद्यामागे काम करण्याची बंदी केली. दुसऱ्या दिवशी बॅटरी भरपूर उरली. पण घरात पाणी शिरल्याचा आत्याचा निरोप आम्हांस तीन तासांनी, ॲप उघडल्यावर दिसला. शेजाऱ्यांनी तिला वरच्या मजल्यावर नेले होते, म्हणून निभावले. रात्री ती एवढेच म्हणाली, "बाळा, चार्ज कोणासाठी राखून ठेवला होतास?"

तो प्रश्न मनाला लागला, म्हणून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला.

फोनचा सगळा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली असते, ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे एक मोठे काम म्हणजे झोपणे आणि झोपविणे. १९९६ साली पामचे 'पायलट' नावाचे हातात मावणारे यंत्र निघाले. त्यात साधे दोन ट्रिपल ए सेल असत आणि ते आठवडेच्या आठवडे पुरत. युक्ती अशी, की आपण एक अक्षर लिहून दुसऱ्याचा विचार करीपर्यंत त्याचा प्रोसेसर डुलकी घेई. बंद केले तर तो गाढ झोपे. घड्याळ आणि हाक ऐकणारा भाग तेवढा जागा राही.

याउलट जुन्या लिनक्स प्रणालीची खोड पाहा. काम असो वा नसो, सेकंदाला शंभर ते हजार वेळा ती जागी होऊन पाही. वर्गात मुले नसताना दर मिनिटाला हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखे! २००७ साली निघालेल्या २.६.२१ या आवृत्तीत रिकाम्या वेळची ही घंटा बंद करण्याची सोय झाली. याच लिनक्सच्या गाभ्यावर आजचा अँड्रॉइड उभा आहे.

दुसरी युक्ती वेगाची. प्रोसेसर चालताना लागणारी वीज त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग आणि व्होल्टेज दोन्ही निम्मे केले, तर दर सेकंदाची ही वीज आठव्या हिश्शावर येते. म्हणून काम हलके असेल तेव्हा प्रणाली दोन्ही उतरविते.

२०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' आले. फोन चार्जरला नाही, पडदा बंद आहे, फोन हललेला नाही, असे काही वेळ दिसले की प्रणाली ॲपांची कामे अडवून ठेवते आणि अधूनमधून थोडा वेळ दार उघडून सर्वांना एकदमच सोडते. मात्र फोनकॉल, एसएमएस आणि सकाळचा गजर अडत नाहीत. तातडीच्या निरोपांनाही वाट ठेवलेली असते. आम्ही सरसकट बंदी घालून तीच वाट बुजविली होती!

तेव्हा पुढच्या सिक्लोनआधी एवढे करावे. घरच्यांचे निरोप ज्या ॲपवर येतात, त्याला बंदीतून वगळावे. पडद्याचा उजेड कमी करावा. दर वेळी सगळी ॲपे पुसून टाकू नयेत. ती पुन्हा पहिल्यापासून उघडताना अधिक वीज जाते. सिग्नल क्षीण असेल तर फोनला मोठ्याने ओरडावे लागते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी तो काही काळ विमान-मोडवर ठेवावा, पण केव्हा उघडणार ते घरच्यांना आधी सांगावे. आणि खरी निकड असेल तेव्हा निरोप न धाडता सरळ फोन करावा.

तान्हे मूल असलेल्या घरातली आई ढगांच्या गडगडाटात झोपते, पण बाळाच्या कुशी बदलण्याने जागी होते. चांगल्या यंत्राची झोपही तशीच असावी. कोणाच्या हाकेला उठायचे, हे मात्र त्याला आपणच सांगितले पाहिजे. आता आमच्या यादीत पहिले नाव आत्याचे आहे.