नाटकाला जाताना कोणते पुस्तक न्यावे?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी-मोरगावच्या बाजूला, दिवाळी उलटून धानाची कापणी मार्गी लागली की मंडईचे आणि पुढे शंकरपटाचे दिवस येतात, आणि दिवसा बैलजोड्यांची धाव पाहून दमलेला समुदाय रात्री नाटकाच्या मंडपात येऊन बसतो तो तांबडे फुटेपर्यंत उठत नाही. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर गाण्याचा अंमल अद्याप चालत असल्यामुळे, प्रयोग चालू असताना हातात छापील पुस्तक धरून पदे अनुसरण्याची हौस असलेल्या रसिकाने कोणते पुस्तक जवळ बाळगावे, हा प्रश्न येथे अगदीच अप्रस्तुत नव्हे.

माझी पहिली निवड साफ चुकली. एका हौशी मंडळीच्या 'सौभद्रा'ला मी भातखंडे पद्धतीने स्वरलिपी दिलेला नाट्यपदांचा जाडजूड संग्रह घेऊन गेलो; गायकाने मुखडा छापल्याप्रमाणे म्हटला, दुसऱ्या आवर्तनात तो आलापात शिरला आणि मी बॅटरीच्या उजेडात मात्रा मोजीत मागे राहिलो, तोच शेजारच्या म्हाताऱ्याने सुनावले, "बाप्पा, बॅटरी इझवा ना, डोऱ्यावर येते!" युरोपातील ऑपेराच्या रसिकाची स्थिती निराळी आहे. तेथे रचनाकाराने लिहिलेला स्वर गायकावर बहुतांशी बंधनकारक असतो, म्हणून स्वरलिपीचे पुस्तक हे जणू दस्तऐवजच ठरते. तरीही सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली बृहत्प्रत अंधारात उलगडणे दुर्घट असल्यामुळे, गायकांच्या ओळी आणि त्यांच्याखाली वाद्यवृंदाचा पियानोपुरता संक्षेप असलेली प्रतच पुष्कळांना सोयीची वाटते. सतराव्या शतकात व्हेनिसचे प्रेक्षक तर नुसत्या शब्दांची चोपडी मेणबत्तीच्या उजेडात वाचीत, आणि त्या काळच्या प्रतींवर मेणाचे डाग आजही दिसतात.

आपल्याकडे पद विस्तारण्याची मुभा गायकाला असल्यामुळे स्वरलिपी घरी अभ्यासाला ठेवावी आणि प्रयोगाला संपूर्ण संहिताच न्यावी, असे माझे मत झाले आहे. केवळ पदांची पातळ चोपडी खिशात मावते खरी. परंतु जुनी पाच अंकी नाटके आता कापून आटोपशीर केली जातात, पदे गळतात, आणि गद्य मजकूर समोर नसेल तर आपण कोठे आहोत याचा पत्ता लागत नाही.

संहिता घेतानाही पदाच्या माथ्यावरची ओळ अवश्य तपासावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' आणि 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातील व लावणीच्या चाली श्रोत्यांच्या कानात मुरलेल्या होत्या, म्हणून एखाद्या जुन्या गीताचे पहिले दोन शब्द 'चाल' म्हणून छापले की काम भागे. ती मूळ गीतेच आज बहुतेकांस अपरिचित झाल्यामुळे ही खूण आपल्याला मुकी वाटते. पुढे 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी आणि 1916 च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींमुळे रागदारीचा डौल वाढला, तेव्हा अशा नाटकांच्या बाबतीत राग आणि ताल या दोहोंचा निर्देश असलेली आवृत्तीच बेलाशक घ्यावी. टाइप ठळक हवा आणि बांधणी अशी हवी की पुस्तक मांडीवर उघडे राहील. कारण एक हात घोंगडी सावरण्यात गुंतलेला असतो, आणि पहाटेच्या दवाने पाने एकमेकांना चिकटू लागतात.

झाडीपट्टीतील नव्या नाटकाचे छापील पुस्तक पुष्कळदा हाती लागत नाही. अशा वेळी मी पुढच्या रांगेत, प्रॉम्प्टरचा आवाज पोहोचेल अशी जागा धरतो: प्रत्येक वाक्य आधी पडद्याआडून आणि मग नटाच्या तोंडून असे दोनदा ऐकू येते, आणि पेटीवाल्याने सूर धरला की पद आले हे सांगायला पुस्तक लागत नाही.