सिंहाच्या पलीकडची आफ्रिका

मीरा रोडच्या बाजारात भाजी घेणारी आफ्रिकी माणसं आता नवलाची राहिलेली नाहीत. आपली मुलं त्यांना रोज पाहतात. पडद्यावर मात्र या मुलांना जी आफ्रिका भेटते, तिच्यात माणूसच नसतो. ‘द लायन किंग’ (१९९४) आठवा. सिंह, तरस, रानडुक्कर, माकड सगळे आहेत. माणूस एकही नाही. २०१९च्या आवृत्तीत हिंदी मुफासाला शाहरुख खानचा आवाज मिळाला. चित्रपट वाईट नाहीत. पण एकीकडे हे जंगल आणि दुसरीकडे हिंदी सिनेमातला अमली पदार्थ विकणारा काळा गुंड, एवढंच पाहिलेल्या मुलासमोर मोठी माणसं ‘त्यांना जागा भाड्याने देऊ नका’ म्हणतात, तेव्हा त्याच्याजवळ उलट विचारायला काही नसतं.

या दोहोंच्या मधलं पुष्कळ काही आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे.

सेनेगलचे दिग्दर्शक जिब्रिल दियोप मांबेती १९९८ साली वारले. त्यानंतर आलेल्या त्यांच्या शेवटच्या चित्रपटाच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘सूर्य विकणारी छोटी मुलगी’. ‘सूर्य’ हे डाकारमधलं दैनिक. सिली कुबड्यांवर चालते, घरी आंधळी आजी आहे. पेपर फक्त मुलगेच का विकतात, असं म्हणून ती धंद्यात उतरते. पहिल्याच दिवशी हातात पैसे दिसताच पोलीस तिच्यावर चोरीचा आळ घेतो. ती रडत नाही, स्वतः चौकीत जाऊन हिशेब सांगते आणि सुटते. मुलगे तिची कुबडी पळवतात, तेव्हा बाबू हा मित्र तिला पाठुंगळी घेतो. मांबेती तिची दया येऊ देत नाहीत, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) सायकल वाचवण्यासाठी पंढरपूरच्या गर्दीत बांगड्या विकणारी मुलं ज्यांना आवडली, त्यांना सिली परकी वाटणार नाही.

केनियाचा ‘सुपा मोडो’ (२०१८) अधिक अवघड. नऊ वर्षांच्या जो हिला असाध्य आजार आहे. आई तिला रुग्णालयातून घरी आणते. मोठी बहीण गावाला हाताशी धरून तिला आपल्यात अचाट शक्ती आहे असं भासवते, आणि शेवटी सारं गाव तिच्यासाठी सिनेमा काढतं. ‘श्वास’मधले (२००४) आजोबा नातवाची दृष्टी जाण्याआधी त्याला जग दाखवायला निघतात, त्याचीच ही बहीण. लहानांसोबत पाहायचा असेल, तर मोठ्यांनी आधी एकदा पाहून घ्यावा.

‘किरिकू’ (१९९८) हे ॲनिमेशन पश्चिम आफ्रिकी लोककथेवरचं. दिग्दर्शक मिशेल ओसलो फ्रेंच, पण बालपण गिनीतलं. सगळे चेटकिणीला घाबरतात. किरिकू मात्र विचारतो, ती दुष्ट का आहे? गावातल्या बायका उघड्या छातीच्या दाखवल्या म्हणून परदेशी वितरक कचरले होते. आपल्याकडेही कुणी कुरकुरेल. मला त्यात वावगं दिसत नाही.

खरी अडचण भाषेची. वोलोफ किंवा स्वाहिली संवादांखालची इंग्रजी अक्षरं सहा वर्षांचं मूल वाचणार कसं? मराठी डबिंगची वाट पाहण्यात अर्थ नाही. शेजारी बसून आपणच मराठीत सांगत जायचं, पूर्वी आजी पोथी वाचताना मध्येच थांबून अर्थ सांगायची तसं. सिलीची गोष्ट पंचेचाळीस मिनिटांची आहे. सुरुवात तिच्यापासून करावी.