जुन्नरच्या भिंतींवरची नावं

जुन्नरच्या एसटी स्टँडवर उतरलं की समोर शिवनेरी. बहुतेक ग्रुप तसेच गडावर जातात, शिवजन्मस्थानाचं दर्शन, फोटो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मधलं जुनं गाव राहूनच जातं.

हे गाव वाढलं ते नाणेघाटामुळे. कोकणातल्या बंदरांवरून माल वर आणणारा हा सातवाहनांचा हायवे. घाटमाथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं दान दिली, त्याचा हिशेबच त्यात मांडलाय. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी काही इथले आहेत.

पण राणीबद्दल सगळेच लिहितात. मला जास्त आवडतात ती गावाभोवतीच्या डोंगरांतल्या लेण्यांवरची नावं. दीडशेहून जास्त लेणी आहेत, आणि त्यांचा खर्च उचलणारे बरेचसे राजे नव्हतेच. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलं. इरिल, चिट, चंद ही नावं तर चक्क यवनांची. चिटने संघाला जेवणाचा मंडप दिला. लेण्याद्रीचं सहा नंबरचं चैत्यगृह सुलसदत्ताचं. हा कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा मुलगा. कल्याणहून माळशेजमार्गे एसटीने येताना त्याची आठवण काढायला हरकत नाही.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला चौलहून इथे आला आणि पावसाळाभर अडकला. इथल्या खानाने घोडा काढून घेतला, वर धर्म बदलायची अट घातली. एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. हे सगळं त्याने लिहून ठेवलंय.

1490 मध्ये मलिक अहमदने इथेच निजामशाही उभी केली, पण काही वर्षांत राजधानी अहमदनगरला हलवली. 1630 मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. 1657 मध्ये त्यांनीच मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नर पेठेवर रात्री छापा घातला. गड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? पुढे 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. कोकणचा माल तिकडून धावू लागला, आणि बैलांचे तांडे चढायचे ती नाणेघाटाची वाट आता ट्रेकर्सची झाली.

आता आपला विषय. बऱ्याच लेण्यांत ब्राह्मी अक्षरांच्या आसपास बदाम, बाण आणि इंग्रजी अक्षरं खरवडलेली दिसतात. संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा आठवून कुणी थांबत नाही. शिवाय दगडावरचा ओरखडा खोडता येत नाही. त्याखाली अक्षर गेलं की गेलंच. एखाद्या पोढीवर दात्याचं नाव एकदाच कोरलेलं असतं, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

मागच्या ट्रेकला आमच्यातल्याच एकाने लेण्याद्रीला खिशातून किल्ली काढली. आम्ही ओरडायच्या आत त्याचं लक्ष कोरलेल्या ओळीकडे गेलं.

"हे काय लिहिलंय रे?"

"देणाऱ्याचं नाव. सुलसदत्त."

"यात 'सु' कुठंय?"

ब्राह्मी आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. मग मोबाइलवर अक्षरांचा तक्ता उघडला आणि पाचही जण माना वर करून 'सु' शोधत बसलो. शेवटची गाडी जवळजवळ चुकलीच.