हुलकावणीचा बंट आणि क्षेत्ररक्षकांची सुरक्षा

महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉलचा अंतर्भाव असल्यामुळे गोंदियालगतच्या नागऱ्यासारख्या गावातील क्रीडाशिक्षकासही ‘हुलकावणीचा बंट’ या डावपेचाची माहिती असणे अगत्याचे आहे. फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हलकेच थोपविण्याचा आविर्भाव करते, तो पाहून पहिल्या व तिसऱ्या बेसवरील खेळाडू पुढे धावतात, आणि त्याच क्षणी बॅट मागे घेऊन पूर्ण ताकदीचा फटका मारला गेला, तर फलंदाजापासूनचे 60 फुटांचे अंतर निम्म्यावर आणून बसलेल्या मुलीला हातमोजा चेहऱ्यापर्यंत नेण्याचीही उसंत राहत नाही. 12 इंच घेराचा हा चेंडू चांगलाच कठीण असतो. अमेरिकेतील काही बालसंघांच्या स्पर्धांत या डावास सक्त मनाई आहे. 14 वर्षांखालील गटापुरती ती तजवीज आपल्याकडेही सर्वथा न्याय्य ठरेल. तोवर मुखरक्षकाशिवाय कोणाही मुलीस पुढे धावण्याचा हुकूम शिक्षकांनी देऊ नये, ही कळकळीची विनंती.