गळका कार्बोरेटर

बजाजांच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेली चेतक स्कूटर जीर्ण होऊन तिचा कार्बोरेटर गळू लागला, तरी तो सबंध बदलण्याची जरुरी बहुधा नसते. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर चढून निडलकरवी पेट्रोलची वाट रोखतो. परंतु निडलचे टोक झिजले, तिच्या बैठकीत कचरा अडकला किंवा सच्छिद्र फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले, म्हणजे हा बंदोबस्त ढासळतो. म्हणून इंजिन निवल्यावर, विस्तवापासून दूर, पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोटवरील झाकण उघडावे, बैठक स्वच्छ करावी, फ्लोट कानाशी हलवून पाहावा आणि झिजलेली निडल व पॅकिंग बदलावे. गळती अंगावर काढू नये; तिच्यात आगीचे भय आहे.