६२ हातांचा हिशेब

नो-लिमिट टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात. आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात; मग एक, तो टर्न; शेवटचा रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते आणि ती अगदी समोरची सगळी रास पुढे सारण्यापर्यंत जाऊ शकते. नवखा खेळाडू समोरच्याचा चेहरा न्याहाळतो आणि ठरवून टाकतो, 'याच्याकडे एक्केच आहेत!' मुरलेला खेळाडू एका अंदाजावर थांबत नाही. शक्य असलेल्या सगळ्या हातांची यादी तो मनात धरतो आणि प्रत्येक चालीबरोबर ती छाटत जातो. या यादीला खेळाडू 'रेंज' म्हणतात.

५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांचे १,३२६ वेगवेगळे हात होतात. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे येते, एक्का-राजा मात्र १६ प्रकारे. भीती एक्क्यांच्या जोडीची वाटते, पण समोर एक्का-राजा असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट असते. हात ओळखण्याची सुरुवात या मोजणीपासून होते.

समजा, भरलेल्या टेबलावर पहिल्याच जागेवरून एका सावध खेळाडूने बोली वाढवली. बाकीचे सगळे त्याच्यानंतर बोलणार आहेत, म्हणून हलक्या हातावर तो हे धाडस करणार नाही. त्याची यादी अशी धरू: दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी. एकूण ६२ हात. आपल्याकडे बदाम आणि चौकट राणी आहे. त्यामुळे त्याचे एक्का-राणीचे हात १६वरून ८वर येतात, राण्यांची जोडी ६वरून १वर. फ्लॉपवर इस्पिक राजा, चौकट सत्ती, किल्वर दुर्री. एक राजा उघडा पडला, म्हणून राजांच्या जोडीचे ३ आणि एक्का-राजाचे १२ हात उरले. त्याने अजून काही केलेले नाही, तरी ६२चे ४२ झाले. त्यांतले २१ आपल्याला हरवतात, २० आपल्याकडून हरतात, एक बरोबरीचा.

फ्लॉपवर तो छोटी बोली लावतो. ती तो यातल्या कुठल्याही हाताने लावेल, म्हणून यादी तशीच राहते. टर्नवर बदाम तिर्री येते आणि तो मोठी रक्कम लावतो. गुलामांची किंवा दश्शींची जोडी असती, तर टेबलावरच्या राजाला घाबरून तो बहुधा गप्प बसला असता. ते १२ हात वगळले की ३० उरतात. या ३०मध्ये ब्लफही असू शकतो, म्हणजे हात कमकुवत असूनही समोरच्याला हटवण्यासाठी लावलेली मोठी बोली. गणिती जॉन फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी खेळांच्या सिद्धान्तावरच्या १९४४च्या ग्रंथात पोकरचे साधे प्रारूप मांडले होते. त्यात ब्लफ मधल्या हातांनी नव्हे, तर सगळ्यात कमकुवत हातांनी करायचा असतो. इथे तो हात म्हणजे एक्का-राणी.

रिव्हरवर इस्पिक नव्वी. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या राशीत, १,००० चिप्स आहेत आणि तो आणखी १,००० लावतो. कॉल करणे, म्हणजे तेवढीच रक्कम लावून त्याचे पत्ते पाहणे, परवडायला आपल्याला किमान ३३ टक्के संधी हवी. एक्का-राणीचे आठही हात तो ब्लफ करत असेल आणि बरोबरीचा हात अर्धा धरला, तरी ३०पैकी साडेआठ, म्हणजे २८ टक्केच होतात. फोल्ड, पत्ते टाकून द्यायचे! त्याने ५०० लावले असते, तर २५ टक्के पुरले असते आणि कॉल योग्य ठरला असता. पण तो यातले चारच हात ब्लफ करणारा असेल, तर संधी १७ टक्क्यांवर येते आणि ५००लाही फोल्डच. म्हणूनच त्याने आधीच्या डावांत काय काय उघडून दाखवले, हे लक्षात ठेवावे लागते.

चेहऱ्यावाचून हे जमते, याचा पुरावाही आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी घडवलेल्या 'लिब्राटस' या संगणकप्रणालीने जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. तिच्याकडे डोळे नव्हते, फक्त पत्ते आणि बोली.

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत पोकरची टेबले आहेत, पण हा हिशेब शिकायला पैसे लागत नाहीत. घरी चिंचोके लावूनही तो पक्का होतो. आणि फोल्ड केल्यावर समोरच्याने एक्का-राणी उलटून दाखवली, तरी निर्णय चुकीचा ठरत नाही. ती एक्का-राणी आपण आधीच ३०मध्ये मोजली होती.